फ्रेंच क्रियापदाच्या निमित्ताने

परकी भाषा शिकावयास बसलेल्या प्रौढ माणसाला नामांचा फारसा त्रास होत नाही. वही, दिवा, खिडकी, भाकरी यांची परदेशी नावे थोड्याशा घोकंपट्टीने पाठ होतात, आणि विसरली तरी बोटाने वस्तू दाखवून काम भागते. खरी अडवणूक होते ती क्रियापदापाशी. 'मी गेलो', 'मी जात असे', 'मी जाणार होतो' या तीन गोष्टी बोटाने दाखविता येत नाहीत. फ्रेंच भाषेच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकाची शेवटची पाने उघडून पाहावीत. जमाखर्चाच्या वहीसारखी रकान्यांमागून रकान्यांची कोष्टके तेथे मांडलेली असतात. सहा पुरुष-वचने, चार-पाच काळ, त्यांवर पुन्हा अर्थ, आणि तळटीपेत अपवादांची रांग. हे पाहून बहुतेक नवशिके पुस्तक मिटतात.

मी ही कोष्टके उघडली ती नोकरीनिमित्त कलकत्त्यास आल्यावर, बेहाला या दक्षिणेकडच्या उपनगरात राहत असताना. मराठी भाषेच्या उत्क्रांतीचा पहिला भक्कम शास्त्रीय ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला गेला. झ्यूल ब्लॉक या पॅरिसच्या पंडिताने तो लिहिला आणि १९२० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये त्याचे 'मराठी भाषेचा विकास' या नावाने भाषांतर केले, ही आपल्यावरची मोठीच कृपा आहे. तरीही आपल्या भाषेची कुंडली ज्या शब्दांत प्रथम मांडली गेली, ते शब्द मुळातून वाचावेत अशी इच्छा होती. त्यासाठी आधी क्रियापदांचा डोंगर ओलांडणे प्राप्त होते.

हा डोंगर कलकत्त्यात बसून ओलांडावा यात एक ऐतिहासिक औचित्य आहे. क्रियापदे ही भाषांच्या नात्यागोत्याची सर्वांत विश्वसनीय साक्षीदार होत, हा विचार ठसठशीतपणे मांडला गेला तो याच शहरात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीच्या वार्षिक सभेत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाचे असू शकत नाही असे प्रतिपादन केले, आणि पुरावा म्हणून बोट ठेवले ते धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर. हे जोन्ससाहेब फ्रेंचमध्येही पारंगत होते. नादिरशहाच्या फारसी चरित्राचे त्यांनी केलेले फ्रेंच भाषांतर १७७० मध्ये, म्हणजे ते हिंदुस्थानात येण्याच्या कितीतरी आधी, छापले गेले होते.

पुढची गोष्ट एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा कंपनीचा एक अधिकारी येथे राहून संस्कृत शिकला. मायदेशी परतल्यावर तो हस्तलिखिते पाहण्यासाठी पॅरिसला गेला असताना १८०३ मध्ये इंग्रज-फ्रेंच युद्ध पुन्हा पेटले आणि स्वारी तेथेच अडकली. शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून त्याला बाहेर पडता येईना, परंतु ग्रंथालयात बसावयास आडकाठी नव्हती. त्या सक्तीच्या मुक्कामात त्याने पॅरिसच्या संग्रहातील संस्कृत पोथ्यांची यादी करण्यास मदत केली आणि फ्रीड्रिश श्लेगेल या जर्मन पंडितास संस्कृत शिकविले. थोड्याच वर्षांनी फ्रांझ बॉप हा तरुण त्याच शहरात चार वर्षे संस्कृतात बुडून गेला, आणि १८१६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्याचा विषय होता संस्कृत धातूंची रूपे आणि त्यांची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांतील रूपांशी तुलना. तुलनात्मक भाषाशास्त्राचा जन्म या पुस्तकापासून मानतात. म्हणजे एका सबंध शास्त्राची पायाभरणी कंटाळवाण्या म्हणून बदनाम झालेल्या क्रियापदांच्या कोष्टकांवर झाली आहे.

आणि मराठी क्रियापदांची कोष्टके? तीही याच परिसरात छापली गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे मुद्रित झाले. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या कॅरींना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण त्यानंतर एकतीस वर्षांनी, १८३६ मध्ये आले. पेशव्यांच्या दप्तरात फ्रेंचांचा उल्लेख 'फरासीस' म्हणून येतो. सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील १७७७ मध्ये पुण्यास नाना फडणिसांकडे आला होता, आणि महादजी शिंद्यांच्या पलटणी द बॉयन या फ्रेंच भाषिक सेनानीने उभ्या केल्या. इतका संबंध येऊनही फरासिसांची भाषा शिकण्याचे आपल्याकडे फारसे कोणी मनावर घेतलेले दिसत नाही. असो.

आता प्रत्यक्ष कोष्टकाकडे वळू. बोलणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचा उच्चार आहे 'पार्ले'. मुंबईकर श्रोत्यांना उपनगराची किंवा बिस्किटांची आठवण होईल, पण ते दुर्लक्षून पुढे जावे. वर्तमानकाळी 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते' या चारही कर्त्यांबरोबर कानाला ऐकू येते फक्त 'पार्ल'. लिहिताना मात्र त्यांची अक्षरे वेगवेगळी. अनेकवचनी 'ते' साठी शेवटी 'ई-एन्-टी' अशी तीन अक्षरे लिहावयाची आणि त्यांतले एकही उच्चारावयाचे नाही. नवशिका येथेच चिडतो. परंतु हे मुके 'एन्-टी' कोण आहेत ते पाहिले की राग मावळतो. लॅटिनमधील अनेकवचनी प्रत्ययाचे ते अवशेष आहेत, आणि तो प्रत्यय आपल्या 'गच्छन्ति', 'वदन्ति' यांतील 'न्ति'चा सख्खा भाऊ आहे. 'असणे' या क्रियापदात हे नाते अधिकच उघडे पडते. फ्रेंच लिपीतील 'तो आहे' आणि 'ते आहेत' यांची रूपे अक्षरशः वाचली तर 'एस्त' आणि 'सोन्त' अशी होतात. शेजारी 'अस्ति' आणि 'सन्ति' ठेवून पाहावे. उच्चारात आज त्यांचे नुसते 'ए' आणि 'सों' उरले आहे, पण लेखणीने जुन्या घराची पाटी उतरवलेली नाही.

प्रत्यय असे मुके झाल्याचा परिणाम दूरवर गेला. मराठीत 'उद्या येईन' म्हटले की येणारा कोण हे क्रियापदच सांगते, त्यामुळे 'मी' म्हणण्याची गरज नसते. लॅटिनमध्येही तसेच होते. फ्रेंचमध्ये कानाला प्रत्यय ऐकू येईनासे झाले तेव्हा सर्वनामाला कायमचे दारात उभे करावे लागले. कर्ता वगळून फ्रेंच वाक्य होत नाही, याचे कारण शिष्टाचार नसून ही झीज आहे.

'जाणे' या क्रियापदाने तर मला प्रथम हसविले आणि मग विचारात पाडले. फ्रेंचमध्ये जाणे म्हणजे 'आले'! 'आम्ही जातो' याचे रूप 'आलों', तेही आपल्या जुन्या लेखनातल्यासारखे सानुनासिक. हा अर्थातच निव्वळ योगायोग आहे. विचार करावयास लावणारी गोष्ट निराळी. या एका क्रियापदात तीन मुळांची सरमिसळ आहे: वर्तमानकाळी 'मी जातो' याचे 'व्हे', अनेकवचनी 'आलों', आणि भविष्यकाळी 'इरे'. ही काय अव्यवस्था, असे नवशिका म्हणतो. पण हाच नवशिका जन्मभर 'जातो' आणि 'गेलो' म्हणत आलेला असतो. 'जा' हा 'या' धातूपासून आणि 'गेला' हा 'गम्'च्या 'गत' या रूपापासून, अशी दोन घराण्यांची रूपे आपण एका संसारात नांदवितो आणि त्याचे आपल्याला कधी नवल वाटलेले नसते.

सर्वांत समृद्ध भाग भूतकाळाचा. फ्रेंचमध्ये घडून गेलेली गोष्ट सांगावयाची तर 'असणे' किंवा 'जवळ असणे' यांपैकी एक साहाय्यक घेऊन त्यापुढे भूतकालवाचक धातुसाधित ठेवतात. जाणे, येणे, निघणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या अकर्मकांना 'असणे' लागते, आणि तेथे धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला हे विचित्र वाटते. आपल्याला का वाटावे? आपण 'तो गेला', 'ती गेली', 'त्या गेल्या' हेच करीत असतो. सकर्मकांना 'जवळ असणे' लागते. त्याचे मूळ लॅटिनमधील अशा वाक्यात आहे, की ज्याचे मराठी 'माझ्यापाशी पत्रे लिहिलेली आहेत' असे होईल. तेथे 'लिहिलेली' हे पत्रांचे विशेषण, म्हणून पत्रांप्रमाणे चालणारे. पुढे या रचनेचा साधा भूतकाळ झाला आणि जुळणीचा नियम अर्धाच शिल्लक राहिला: कर्म क्रियापदाच्या आधी आले तर धातुसाधित कर्माप्रमाणे बदलावयाचे, नंतर आले तर बदलावयाचे नाही. 'मी लिहिलेली पत्रे' या अर्थाच्या रचनेत जुळणी होते, 'मी पत्रे लिहिली' या अर्थाच्या वाक्यात होत नाही.

ज्यांनी शाळेत कर्मणी प्रयोग शिकला आहे त्यांना येथे आपले माणूस भेटल्यासारखे वाटेल. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले' या वाक्यांत खाणाऱ्याचे काही चालत नाही, खाल्ली जाणारी वस्तू क्रियापदाला वळविते. कारणही तेच. आपला भूतकाळ संस्कृतच्या 'खादित', 'कृत', 'गत' अशा कर्मणि धातुसाधितांपासून आला आहे. लॅटिनची एक लेक आणि संस्कृतची एक लेक, मधे हजारो कोसांचे अंतर, आणि दोघींनी जुना भूतकाळ टाकून धातुसाधितावर नवा संसार मांडला. दोघींनी एकमेकींचे पाहून हे केलेले नाही. म्हणून 'फ्रेंच संस्कृतातून निघाली' असे म्हणणाऱ्या उत्साही मंडळींच्या नादी लागू नये. नाते बहिणींचे आहे, मायलेकींचे नाही, आणि भूतकाळाची ही घडण तर दोघींनी आपापल्या घरी स्वतंत्रपणे उभारलेली आहे.

धातुसाधिताच्या जुळणीचा हा फ्रेंच नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने पद्यातून शिकविला, आणि तेव्हापासून त्याने शाळकरी मुलांना छळले आहे. माझ्यासारख्या परिपत्रकांत आयुष्य घालविणाऱ्याला यातील एका प्रकरणाने विशेष आनंद दिला. ३१ जुलै १९०० रोजी फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी चक्क शासकीय आदेश काढला, की 'जवळ असणे' या साहाय्यकाबरोबर धातुसाधित न जुळविल्यास परीक्षेत चूक धरू नये. अकादमी खवळली. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी दुसरा आदेश निघाला आणि ती सवलत जवळजवळ गुंडाळण्यात आली. व्याकरणाच्या बाबतीत सरकारी हुकूम सात महिनेही टिकला नाही. बोलण्यात मात्र फ्रेंच माणसे ही जुळणी सर्रास गाळतात, आणि २०१८ मध्ये बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक भागात ती अधिकृतपणे सोडून द्यावी असा प्रस्ताव पुन्हा पुढे आला होता.

मला या वादात रस उत्पन्न झाला तो घरातल्या एका वाक्यामुळे. माझी मुलगी बेहाल्याच्या गल्लीत वाढते आहे. तिची मराठी आमच्यापुरती, खेळणे-भांडणे सारे बंगालीत. एके दिवशी ती म्हणाली, "मी पोळी खाल्ले." आईने दुरुस्त केले, तिने पुन्हा तेच म्हटले. ही नुसती बालिश चूक नव्हे. बंगालीत 'आमि गेलाम' आणि 'आमि खेलाम' या दोन्ही ठिकाणी प्रत्यय कर्त्याचा असतो. कर्माची तेथे दखल नाही, आणि लिंगाची तर मुळीच नाही. मुलीने 'मी गेले' वरून 'मी पोळी खाल्ले' असे सरळ त्रैराशिक मांडले होते. आपणही 'मी पाणी प्यायले', 'मी मराठी शिकले' म्हणतोच की! तिला उत्तर देणे सोपे नव्हते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडून आधी काय निसटते, याचा शोध घेतला तर मला वाटते शब्द फार पुढे निसटतात. पोळी, आमटी, आजी, मावशी हे शब्द टिकून असतात. आधी निसटते ती ही जुळणी. फ्रेंच कोष्टकांशी झटापट करताना मला प्रथमच स्पष्ट दिसले, की मी विनासायास जे करीत होतो तो एक अवघड आणि जुना कारभार आहे, आणि तो आपोआप पुढच्या पिढीच्या हाती जाईलच असे नाही.

उरलेल्या काळांविषयी थोडक्यात सांगतो. फ्रेंच अपूर्ण भूतकाळ इंग्रजीतून समजावताना शिक्षकांची दमछाक होते. मराठी माणसाला एवढेच सांगावे, की 'आजोबा रोज देवळात जात' किंवा 'जाई, येई, बसे' असे आपण ज्याला म्हणतो तो बव्हंशी हाच. यात एक गंमत आहे. आपले 'जाई' हे रूप ज्ञानेश्वरीत वर्तमानकाळाचे काम करते, 'याति'चा तो सरळ वंशज. पुढे 'जातो' आला आणि त्याने 'जाई'ला भूतकाळातील रिवाज सांगण्याच्या कामावर धाडले. काळांच्याही अशा बदल्या होतात! फ्रेंच भविष्यकाळाची घडण तर मराठीत उलगडूनच दाखविता येते. 'गाणे' या अर्थाचे मूळ रूप आणि त्याला चिकटलेले 'जवळ असणे'चे वर्तमानकाळी रूप मिळून 'मी गाईन'. लॅटिन बोलणारे सामान्य लोक 'मला गायचे आहे' अशा धर्तीवर बोलू लागले आणि त्या दोन शब्दांचा कालांतराने एक शब्द झाला. एवढे कळले की भविष्यकाळाचे सहा प्रत्यय पाठ करावे लागत नाहीत, कारण ते आधीच पाठ असतात.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे खरे, पण आपल्याकडे फ्रेंच शिकले कोण? पुष्कळजण शिकले, आणि त्यांतले काही याच शहरात. बेहाल्याहून शहरात जाताना लागणाऱ्या खिदिरपुरात मायकेल मधुसूदन दत्तांचे बालपण गेले. ते १८६३ नंतर व्हर्सायला हलाखीत राहून फ्रेंच शिकले आणि तेथेच त्यांनी बंगालीतील सुनीते लिहिली. तोरू दत्त नीसच्या शाळेत शिकली. फ्रेंच कवितांच्या तिच्या इंग्रजी भाषांतरांचे पुस्तक १८७६ मध्ये भवानीपूरच्या एका छापखान्यात निघाले, आणि वर्षभराने, एकविसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या कागदांत सापडलेली फ्रेंच कादंबरी १८७९ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली. अरविंद घोष १८९७ मध्ये बडोद्याच्या महाविद्यालयात फ्रेंच शिकवू लागले, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या मराठी राज्यात फ्रेंच कोष्टके घोकविणारा हा बंगाली गृहस्थ. हेच अरविंद १९०८ मध्ये आमच्या शेजारच्या अलीपूरच्या तुरुंगात होते, आणि १९१० मध्ये प्रथम फ्रेंच चंद्रनगरास व मग पाँडिचेरीस गेले.

त्याच वर्षांत मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळक होते. पन्नाशी ओलांडलेली, प्रकृती मधुमेहाने पोखरलेली, सहा वर्षांची शिक्षा. अशा स्थितीत त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास केला. त्या तुरुंगात शिक्षक नव्हता, बोलावयास फ्रेंच माणूस नव्हता, होती ती पुस्तके. चाळिशीनंतर नवी भाषा येत नाही अशी सबब सांगणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्या कोठडीकडे पाहावे. टिळकांच्या 'गीतारहस्या'चे बंगाली भाषांतर ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी केले. मोलियेरची नाटके फ्रेंचमधून बंगालीत आणणारा हाच माणूस. मराठी, बंगाली आणि फ्रेंच या तीन भाषा एका लेखणीत उतरल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

शास्त्राच्या क्षेत्रात तो मान सुनीतिकुमार चटर्जींचा. ते पॅरिसला ब्लॉक यांच्यापाशी शिकले. बंगाली भाषेच्या उगमविकासावरील त्यांचा प्रचंड ग्रंथ कलकत्ता विद्यापीठाने १९२६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच्या समोर कित्ता होता तो ब्लॉक यांच्या मराठीवरील ग्रंथाचा. त्या ग्रंथातील भूतकाळाचे प्रकरण मी ब्लॉकबरोबर ताडून वाचतो. 'गेलो' आणि 'गेलाम' यांतला 'ल' एकच, हे त्यात सप्रमाण येते. हरप्रसाद शास्त्र्यांना १९०७ मध्ये नेपाळ दरबारच्या ग्रंथालयात चर्यापदांची पोथी सापडली आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. त्या जुन्या गीतांत बंगालीचे हे 'ल'कारान्त रूप अजून विशेषणासारखे वागते, आणि स्त्रीलिंगी नामाबरोबर त्याला 'ई' लागलेली आढळते. म्हणजे आज बेहाल्याच्या बाजारात कोणाच्याही तोंडी नसलेली ती जुळणी एके काळी या भाषेतही होती. मुलीला मी ते पान दाखविले. तिने ती 'ई' बोटाने शोधून काढली आणि विचारले, "मग यांनी ती टाकली कधी?" चटर्जींचे पुढचे प्रकरण त्याविषयी आहे. ते आम्ही आता वाचतो आहोत.